पाहुण्यांपुढें काय वाढावें ?



आजचा विषय घरगुती आहे. पण घरगुती म्हणून तो क्षुल्लक आहे असें मला वाटत नाहीं. घरांत रोज काय शिजतें आणि पाहुणे आले म्हणजे काय शिजतें, या दोहोंमध्यें जें अंतर पडत चाललें आहे, त्याविषयीं मी बोलणार आहें. उदाहरणासाठीं पुणें जिल्ह्यांतील जुन्नर आणि आंबेगांव हे दोन तालुके घेतों. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, भीमाशंकर या स्थानांमुळें ते आपणां सर्वांना ठाऊक आहेत. दर्शन घेऊन आपण परत येतों. तेथल्या चुलीकडे मात्र आपलें लक्ष सहसा जात नाहीं.

या भागाचें जेवण समजावयाचें, तर आधीं तेथला पाऊस समजून घ्यावा लागतो. पश्चिमेला सह्याद्रीचा कडा: नाणेघाट, माळशेज, आहुपें, भीमाशंकर. तेथें पाऊस कोसळतो. खाचरांत भात पिकतो आणि उतारावर नाचणी व वरई. कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या कांठानें पूर्वेकडे निघालें, कीं पाऊस कमी कमी होत जातो, भात मागें पडतो, बाजरी लागते, आणि आणें पठारावर पोंचेपर्यंत जमीन कोरडवाहू होते. सकाळीं भाताच्या घरून निघालेला प्रवासी संध्याकाळीं भाकरीच्या घरीं पोंचतो.

पहिले पाऊस झाले, कीं डोंगरउतारावर रानभाज्या उगवूं लागतात: टाकळा, कुरडू, भारंगी, शेवळें आणि पुढें करटोलीं. महादेव कोळी व ठाकर समाजांतील बायका त्या टोपल्यांतून आठवड्याच्या बाजारीं आणतात. रानांत उगवतात म्हणून या भाज्या सोप्या आहेत असें कोणी समजूं नये. टाकळ्याचीं कोंवळीं पानेंच घ्यावयाचीं. जून झालीं कीं तीं उग्र लागतात. भारंगीचा पाला कडू. तो उकडून, पाणी टाकून, घट्ट पिळून मग कांदा-लसणावर परतावयाचा. शेवळांमध्यें सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. त्यांनीं घशाला खाज सुटते, म्हणून जोडीला चिंच किंवा काकडाचीं आंबट फळें घालतात. हें ज्ञान पुस्तकांत थोडें आणि आईच्या हातांत फार.

थंडी पडली, म्हणजे हुलग्याचे दिवस येतात. हुलगा हें हलक्या जमिनीचें आणि थोड्या पावसाचें कडधान्य. पूर्वीं तो घोड्यांना चंदी म्हणून घालीत. त्यामुळें त्याच्या नांवाला जो कमीपणा चिकटला, तो अजून सुटलेला नाहीं. पण हुलग्याच्या पिठांत लसूण, जिरें, तिखट, मीठ घालून तें घट्ट मळावें, त्याचीं बोटाएवढीं शेंगोळीं वळावीं आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यांत सोडावीं. शिजतां शिजतां पिठानें पाणी दाट होतें. तीच आमटी आणि तेंच जेवण. एका भांड्यांत साऱ्या घराची सोय होते. आणि तरीही शेंगोळीं शिजत असतां दारांत पाहुणा उभा राहिला, कीं गृहिणी त्या भांड्यावर झांकण ठेवते आणि दुसरें भांडें चुलीवर चढविते.

याच्या उलट मासवडीचें भाग्य पाहा. नांवांत मासा असला, तरी पदार्थ शाकाहारी आहे. आकार माशासारखा, म्हणून हें नांव. हरभऱ्याच्या डाळीचें पीठ तिखट-हळदीच्या पाण्यांत घट्ट शिजवावयाचें, ओल्या फडक्यावर तें गरम असतांनाच थापावयाचें, त्यावर भाजलेले तीळ, सुकें खोबरें, लसूण, परतलेला कांदा व कोथिंबीर यांचें सारण पसरावयाचें, आणि फडक्याच्याच आधारानें गुंडाळून, दाबून त्याला आकार द्यावयाचा. मग वड्या कापावयाच्या. पीठ निवलें तर भेगा पडतात, म्हणून हात पोळले तरी थांबतां येत नाहीं. एकजण थापते, दुसरी सारण घालते, तिसरी काळ्या मसाल्याच्या रश्शाकडे पाहते. एवढ्या खटाटोपांत कोथिंबीर सोडली, तर बाकीचें सारें घरच्या डब्यांतलें. परंतु मासवडी पाहुण्याच्या मानाची ठरली आणि म्हणूनच टिकली. आज नारायणगांव-मंचरच्या बाजूला रस्त्यावरच्या खानावळींतही तिची पाटी दिसते.

हुलगा आणि हरभरा, दोन्ही कडधान्येंच. एकाला पंगतींत पान मिळालें, दुसऱ्याला मिळालें नाहीं. माझें म्हणणें इतकेंच, कीं जो पदार्थ पाहुण्यापुढें ठेवण्यास आपण लाजतों, तो आपलीं मुलें प्रथम टाळतात आणि मग विसरतात. कोणतें अन्न मानाचें आणि कोणतें गरिबीचें, हें मुलांना कोणी शिकवीत नाहीं. तीं तें आईबापांच्या चेहऱ्यावरून ओळखतात. वरईचेंच पाहा ना ! डोंगरांतल्या घरीं ती साधा घास. शहरांत एकादशीला आली, कीं तीच पवित्र. 2023 हें वर्ष संयुक्त राष्ट्रांनीं भरड धान्यांचें वर्ष म्हणून पाळलें आणि नाचणीची प्रतिष्ठा एकदम वाढली. धान्य तेंच होतें; आपली नजर तेवढी बदलली.

हा बदल केवळ लाजेमुळें झाला असें म्हणणें मात्र अन्यायाचें होईल. कुकडी प्रकल्पांत येडगांव, माणिकडोह, वडज, डिंभें व पिंपळगांव जोगा हीं पांच धरणें झालीं. कालवे आले, बाजरीच्या शेतांत ऊंस उभा राहिला, नारायणगांवचा टोमॅटो दूरदूरच्या बाजारांत जाऊं लागला. शेतकऱ्याच्या घरांत त्यानें चार पैसे आले. आपल्याला जुनी चव मिळावी म्हणून त्यानें कोरडवाहूच राहावें, असें म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाहीं. या पाण्याची किंमतही कांहींनीं दिली आहे. ज्या गांवावरून आंबेगांव तालुक्याला नांव मिळालें, तें जुनें गांव डिंभें धरणाच्या पाण्याखालीं गेलें. तालुक्याचा कारभार घोडेगांवाहून चालतो. शहरांतल्या आपल्यावर असा कोणताच प्रसंग आलेला नाहीं. आपण जें घालवितों, तें सवयीनें घालवितों. आपल्या आमटीला बारा महिने टोमॅटो लागतो. 2023 च्या जुलैंत त्याचा भाव किलोला शंभर रुपयांपलीकडे गेला, तेव्हां घरोघरीं हळहळ झाली. पण डब्यांतल्या चिंचेची आणि आमसुलांची आठवण किती घरीं झाली?

संकोच न धरतां पाहुणचार कसा करावा, हें शिकावयाचें असेल, तर आणें येथील रंगदासस्वामींच्या यात्रेकडे पाहावें. पठार कोरडें, पण यात्रेंत मोठमोठ्या कढयांतून आमटी उकळते, भाकरी घराघरांतून येतात, आणि हजारों माणसें पंगतीला बसतात. आमटी-भाकरी वाढतांना तेथें कोणी क्षमा मागत नाहीं, आणि जेवणाराही श्रीखंडाची वाट पाहत नाहीं.

आपल्याला सगळा स्वयंपाक बदलावयाचा नाहीं. पाहुण्यांच्या पानांत त्या त्या महिन्याचा एक पदार्थ ठेवावा: आषाढांत टाकळ्याची किंवा भारंगीची भाजी, मार्गशीर्षांत शेंगोळीं, भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, चैत्रांत कैरीची डाळ आणि पन्हें. तो नांव सांगून वाढावा. रानभाजीची जुडी घेतांना घासाघीस करूं नये. पाल्याबरोबर त्या बाईचें ज्ञानही आपण घेत असतों. ती भाजी कशी करावयाची, हें तिलाच विचारावें, आणि ओळख पटल्याशिवाय कोणताही पाला घरीं आणूं नये. मासवडीला तीन माणसें लागतात. त्यांत एक पुरुष असण्यास कोणतीच हरकत नाहीं.

पाहुणा आपल्या घरीं येतो तो बाजार पाहावयास नव्हे. तो त्याला कोठेंही दिसतो. आपल्या घरीं आज काय शिजलें आहे, हेंच फक्त त्याला दुसरीकडे मिळत नाहीं. तेव्हां पुढच्या वेळीं तो अवेळीं आला, तर त्या भांड्यावरचें झांकण काढावें आणि त्याचें पान मांडावें.