म्हस आणि म्हैस
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



स्मरणिकेचं संपादन माझ्याकडे आलं तेव्हा बाई म्हणाल्या, "नववीत हस्तलिखित काढलं होतंस ना? मग जमेल तुला." ते हस्तलिखित मला फार चांगलं आठवतं. म्हणूनच आज एका संपादक बाईंबद्दल बोलणार आहे.

मेरी मेप्स डॉज. जन्म न्यूयॉर्कचा, १८३१ सालचा. १८५८ मध्ये पती गेले, पदरी दोन मुलगे. त्या लिहू लागल्या. १८६५ मध्ये आलेलं त्यांचं 'हान्स ब्रिंकर' गाजलं. १८७३ मध्ये 'सेंट निकोलस' हे मुलांचं मासिक निघालं, तेव्हा त्या संपादक झाल्या आणि १९०५ मध्ये वारल्या तोपर्यंत संपादकच राहिल्या. अगदी लहानग्यांसाठी मासिकातलं निवडक साहित्य घेऊन त्यांनी 'बेबी डेज' हा संग्रहही केला.

मोठ्यांच्या मासिकात पाणी घातलं की मुलांचं मासिक होत नाही, असं त्यांचं मत. मुलं शाळेत दिवसभर शिकतच असतात, मासिकात त्यांना मोकळं खेळू द्यावं, उपदेश नको. दर रविवारी सकाळी आपण दूरदर्शनपुढे ज्या मोगलीसाठी बसायचो, त्याची 'जंगल बुक'मधली पहिली गोष्ट जानेवारी १८९४ च्या 'सेंट निकोलस'मध्ये आली होती.

१८९९ मध्ये मासिकानं मुलांच्या स्वतःच्या लेखनासाठी 'सेंट निकोलस लीग' सुरू केली. नियम कडक होता. लेखन मुलाचं स्वतःचंच आहे, असं पालकांनी किंवा शिक्षकांनी लिहून द्यायचं. 'शार्लट्स वेब' लिहिणारे ई. बी. व्हाइट आणि 'सायलेंट स्प्रिंग' लिहिणाऱ्या रेचेल कार्सन यांचं लहानपणीचं लेखन या लीगमध्ये छापून आलं.

हा नियम वाचला आणि मला नववी आठवली. आपल्या वर्गातल्या एकानं म्हस व्याली त्या रातीची गोष्ट लिहून दिली होती. कंदील, पाऊस, गोठ्यात बसून राहिलेली आजी. मी लाल पेन घेतलं. 'म्हस'ची 'म्हैस' केली, 'रातीची' 'रात्रीची', आजीच्या तोंडचं 'ग्वाड' 'गोड' केलं. शेवटी भूतदयेचं तात्पर्य जोडलं आणि सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं. प्रदर्शनात त्यानं ते पान वाचलं. एवढंच म्हणाला, "ह्ये माझं न्हाई." दहावीत त्यानं काहीच दिलं नाही. मला त्या पानासाठी शाबासकी मिळाली होती.

माझ्या कामात दुसऱ्याच्या कोडमध्ये एक ओळ बदलली तरी कोणी, कधी, काय बदललं याची नोंद राहते. जुनं परत आणता येतं. त्या हस्तलिखितात तशी सोय नव्हती. त्याचा मूळ कागद मी टाकून दिला होता.

डॉजबाईही यातून सुटल्या नाहीत. मार्क ट्वेन यांची टॉम सॉयरची एक कादंबरी छापताना त्यांनी बरंच काही गाळलं, ट्वेन चिडले. चित्रात टॉम आणि हक अनवाणी होते, त्यांना बूट घालायला लावले, असं चित्रकार डॅन बियर्ड यांनी लिहून ठेवलंय. ते वाचून मला हसू आलं आणि लगेच ओशाळायलाही झालं. मीही एका अनवाणी गोष्टीला बूटच घातले होते.

तो मित्र आज तिसऱ्या रांगेत बसलाय. नाव घेत नाही, त्याला आवडणार नाही. पण मित्रा, तीस वर्षं उशीर झाला, तरी माफी मागते. ती गोष्ट पुन्हा लिहून दे. स्मरणिकेत दोन पानं राखून ठेवली आहेत. 'म्हस' लिहिलंस तर 'म्हस'च छापेन. तात्पर्य जोडणार नाही.

आणि बाई, त्या शाबासकीतला त्याचा वाटा आज त्याला द्या, एवढंच मागणं.