पडीचा आंबा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला बोलायला उभे केले याचे कारण माझे सासर देवगडकडचे, एवढेच. भाषणाची मला सवय नाही. पण दर मे महिन्यात तुमच्यापैकी कुणी ना कुणी दारात येऊन विचारते, "अहो, पेटी वरून इतकी छान होती, मग आतले आंबे कसे हो नासले?" त्याचे उत्तर आज एकदाच देऊन टाकते. त्यात माझी एक चूकही सांगावी लागेल.

१९८४ सालची गोष्ट. लग्न होऊन मला वर्षच झाले होते. आमच्याकडे आंबा झेल्याने काढीत, तोही पेरभर देठ ठेवून. देठ मुळाशी तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि तिथे काळा डाग पडतो. काढणी सकाळच्या गारव्यात, आणि काढलेला आंबा लगेच सावलीत. सासूबाईंचा आणखी एक कडक नियम होता. जमिनीवर पडलेला आंबा कितीही सुरेख दिसो, तो पेटीत जायचा नाही. त्याचे लोणचे, मुरांबा, नाहीतर पन्हे.

त्या वर्षी एका संध्याकाळी जोराचा वारा सुटला आणि पन्नासेक आंबे खाली आले. सासूबाई लग्नाला परगावी गेल्या होत्या. मी एकेक आंबा उचलून पाहिला. ओरखडासुद्धा नव्हता! इतके चांगले फळ लोणच्यात घालायचे? दोन ठेवून बाकीचे मी बारा पेट्यांत वाटून टाकले आणि वर पेंढा अंथरला. स्वतःला मोठी काटकसरी समजत होते मी.

आठ दिवसांनी मुंबईहून दलालाचे पत्र आले. पेट्यांना पाणी सुटले होते. हिशेबाची पट्टी निम्मीसुद्धा आली नाही. त्या पैशांतून धाकट्या भावोजींची कॉलेजची फी भरायची होती. मामंजींनी दलालाला दोष दिला, ट्रकवाल्याला दिला. मी गप्प राहिले.

सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावले. घरात ठेवलेल्या दोन आंब्यांपैकी एक त्यांनी विळीवर चिरला. साल पिवळीधमक, आणि तिच्याखाली रुपयाएवढा तपकिरी, पाणचट डाग. "बघ गो," एवढेच त्या म्हणाल्या. मामंजींना त्यांनीही सांगितले नाही. फी त्यांच्या पाटल्या गहाण ठेवून भरली गेली.

त्याचे असे आहे की, कच्चा आंबा टणक असतो, म्हणून मार त्या दिवशी दिसत नाही. सालीखालच्या पेशी मात्र फुटलेल्या असतात. फळ पिकू लागले की तोच भाग मऊ पडून काळवंडतो आणि बुरशीला आत शिरायला वाट मिळते. शिवाय झाडावरून उतरलेले फळही श्वास घेतच असते. मार बसलेले फळ तो अधिक जोराने घेते आणि इथिलीन नावाचा वायूही अधिक सोडते. फळ पिकवणारा वायू तो हाच. त्याने शेजारचे आंबे वेळेआधी पिकतात, बंद पेटीत ऊब वाढते, आणि एकाचे दुखणे सगळ्यांना लागते.

तेव्हा पेटी घरी आली की लगेच उघडा. आंबे ओतू नका, एकेक हाताने काढा. पिकला का म्हणून अंगठ्याने दाबून पाहण्याची आपली खोड आहे ना, तोही मारच! मऊ पडलेला, डागाळलेला आंबा वेगळा काढून आधी संपवा. बाकीचे पेंढ्यावर, पेंढा नसेल तर वर्तमानपत्रावर, वारा लागेल असे एका थरात मांडा आणि रोज एकदा पाहा. कच्चा आंबा फ्रिजमध्ये मुळीच ठेवू नका. साधारण १३ अंशांखालची थंडी त्याला बाधते. साल करडी पडते, फळ धड पिकत नाही आणि गोडीही येत नाही. पुरता पिकला की मग दोन-चार दिवस फ्रिजमध्ये राहील.

साक्याचे सांगायचे राहिलेच. आंबा कापल्यावर आत पांढरट, आंबट, स्पंजासारखा गर निघतो, तो साका. तो काही मारामुळे होत नाही. हापूसचा हा दोष झाडावरच धरतो आणि बाहेरून ओळखूही येत नाही. त्यासाठी फळवाल्याशी भांडू नका. आमच्या मामंजींनी त्या वर्षानंतर त्या दलालाकडे एकही पेटी पाठवली नाही, आणि मी तेव्हाही काही बोलले नाही.