पंपाला घाबरू नका



आपल्या शहापूर-मुरबाडकडे राब भाजले, वीटभट्ट्या पेटल्या की दमेकरी मुलांची छाती वाजू लागते. ‘सवय लागेल’ म्हणून घरचे पंप टाळतात. सवय लागत नाही. औषध थेट श्वासनलिकेत जातं, म्हणून मायक्रोग्रॅममध्येच पुरतं.

सालब्युटामॉलचा पंप धाप लागल्यावर. ब्युडेसोनाइडचा मात्र डॉक्टर सांगतील तसा रोज, मूल ठणठणीत दिसलं तरी. आतली सूज तोच आवरतो. नंतर चूळ भरायला लावा.

स्पेसर परवडत नसेल तर डॉक्टरांना विचारून अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीचा करा. तोही चालतो, हे केपटाऊनच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये दाखवलंय.

ओठ निळसर झाले, बोलवेना, तर थेट रुग्णालय गाठा.

आणि गुरुजनहो, पंप ऑफिसच्या कपाटात नको, मुलाच्या दप्तरात असू द्या.