कारखान्याचे वाजवी मूल्य आणि सभासदाचा हक्क

(डोंगरकडा, जि. हिंगोली येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)

आजचा विषय रुक्ष आहे. एखाद्या कंपनीची मालमत्ता आणि तिची देणी यांचे वाजवी मूल्य कसे मोजावे, हा हिशेबतपासनिसांचा प्रश्न. ऊस, केळी आणि हळद पिकविणाऱ्यांचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, महाराष्ट्रातील अनेक सहकारी साखर कारखाने ज्या रीतीने शेतकऱ्यांच्या हातून निसटले, तिचे मर्म या रुक्ष विषयातच दडलेले आहे. तुमच्या डोंगरकड्यात भाऊराव चव्हाण सहकारी साखर कारखान्याचे दुसरे युनिट उभे आहे. त्याच जिल्ह्यात जवळा बाजारला सहकारी म्हणून जन्मलेला कारखाना आज खासगी कंपनीच्या नावाने चालतो. म्हणून हा प्रश्न तुमच्या दाराशीच आहे.

प्रथम मूल्य म्हणजे काय ते पाहू. तुमची पाच एकर केळीची बाग आहे असे समजा. तिच्यावर आजवर केलेला खर्च ही एक किंमत. घड कापणीला आल्यावर चार व्यापारी बांधावर येतात, बाग नीट पाहतात आणि कोणावरही घाई नसताना जो भाव ठरतो, ती दुसरी किंमत. आणि सावकार दारात बसला म्हणून रातोरात एकाच व्यापाऱ्याला बाग द्यावी लागते, ती तिसरी किंमत. हिशेबशास्त्रात पहिलीला ऐतिहासिक किंमत म्हणतात, दुसरीला वाजवी मूल्य आणि तिसरीला निकडीची विक्री.

वाजवी मूल्याची व्याख्या आंतरराष्ट्रीय मानकाने २०११ मध्ये केली. त्याच धर्तीवरचे भारतीय लेखामानक ११३ हे १ एप्रिल २०१६ पासून मोठ्या कंपन्यांना टप्प्याटप्प्याने लागू झाले. सुव्यवस्थित व्यवहारात, माहीतगार आणि परस्परांशी हितसंबंध नसलेल्या पक्षांमध्ये, मोजणीच्या दिवशी मालमत्ता विकून जे मिळेल किंवा देणे दुसऱ्यावर सोपविण्यासाठी जे द्यावे लागेल, ते वाजवी मूल्य, असा तिचा आशय आहे. हेच मानक सांगते की, सक्तीची वा निकडीची विक्री हा सुव्यवस्थित व्यवहार नव्हे. भांडवली जगाने स्वतःसाठी केलेला हा नियम आहे. तो आपल्या कारखान्यांना लावला असता तर काय दिसले असते?

१९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी सहकारी कारखाना उभा केला, तेव्हा शेतकऱ्याने भागभांडवल दिले ते नफ्याच्या सट्ट्यासाठी नव्हे. सभासदत्व सोडताना भागाचे मूल्य भरलेल्या रकमेहून अधिक धरावयाचे नाही, हे सहकाराच्या नियमांतच आहे. जमिनीचा भाव कितीही वाढो, ती वाढ एकट्यादुकट्याची नाही, सर्वांची आहे, हे त्यामागचे तत्त्व आहे आणि ते योग्यही आहे. परंतु त्याचा एक परिणाम ध्यानात घेतला पाहिजे. ताळेबंदात जमीन खरेदीच्या वेळच्या किमतीने राहते, यंत्रसामग्री घसारा जाऊन नाममात्र उरते, आणि कर्ज मात्र व्याजासह दरवर्षी वाढत जाते. कागदावर कारखाना दिवाळखोर ठरतो. मग २००२ च्या प्रतिभूती कायद्याखाली बँक ताबा घेते आणि लिलाव पुकारते.

येथे घडते ते पाहा. जी वाढ तत्त्वासाठी सभासदाने कधी मागितली नाही, ती सगळीच्या सगळी एका खरेदीदाराच्या पदरात पडते. नागपूर जिल्ह्यातील राम गणेश गडकरी सहकारी साखर कारखान्याचे उदाहरण घ्या. राज्य सहकारी बँकेने २००७ मध्ये त्याची विक्री केली. अंमलबजावणी संचालनालयाच्या म्हणण्यानुसार राखीव किंमत २६ कोटी ३२ लाख होती आणि विक्री झाली १२ कोटी ९५ लाखांना. सातारा जिल्ह्यातील जरंडेश्वर कारखाना २०१० मध्ये ६५ कोटी ७५ लाखांना गेला. तोही कमी किमतीत गेल्याचा आरोप करून संचालनालयाने २०२१ मध्ये त्याची मालमत्ता गोठविली. हे आरोप आहेत, हे मी मुद्दाम सांगतो. बँकेच्या प्रकरणात आर्थिक गुन्हे शाखेने तपास बंद करण्याचे अहवालही न्यायालयात दिले आहेत. दोषी कोण, हे न्यायालय ठरवील. मला प्रश्न व्यक्तींचा नाही, मोजमापाचा आहे.

कायद्यात मोजमापाची तरतूद नाही असे नाही. विक्रीपूर्वी मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून मूल्य काढून राखीव किंमत ठरवावी लागते. त्या किमतीहून अधिक बोली आली नाही तर ऋणको आणि धनको या दोघांच्या संमतीनेच विक्री करता येते. पण ऋणको म्हणजे कोण? कागदावर ते संचालक मंडळ, किंवा सरकारने नेमलेला अवसायक. ज्याच्या उसावर आणि पैशावर कारखाना उभा राहिला त्या सभासदाला कोणी विचारीत नाही. मूल्यांकन अहवाल त्याच्या दृष्टीसही पडत नाही.

आता याची दुसरी बाजू. नवी मानके लागू असलेल्या एखाद्या कंपनीने चालू उद्योग विकत घेतला, तर तिला घेतलेली मालमत्ता आणि देणी आपल्या वहीत वाजवी मूल्याने लिहावी लागतात. निव्वळ मूल्य दिलेल्या किमतीहून अधिक भरले तर तो फरक भांडवली राखीव निधी म्हणून दाखवावयाचा असतो. म्हणजे खरे मूल्य मोजण्याची विद्या अस्तित्वात आहे. ती विक्रीच्या दुसऱ्या दिवशी खरेदीदाराच्या वहीत उतरते. विकणाऱ्या सभासदाला ती आदल्या दिवशी उपलब्ध नसते. माझ्या आजच्या सांगण्याचा सारांश हाच आहे.

मुंबईच्या गिरणी कामगाराने हाच धडा अधिक कठोरपणे घेतला. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, तेव्हा गिरण्या तोट्यात असल्याचे सांगितले जात होते. २००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने गिरण्यांच्या जमिनी विकावयास काढल्या, तेव्हा एकट्या मुंबई टेक्स्टाइल मिलच्या जमिनीला ७०२ कोटी आणि कोहिनूर क्रमांक ३ च्या जमिनीला ४२१ कोटी रुपये आले. कापड विणून तोटा होत होता हे खरे असेल. पण ज्या जमिनीवर कामगार उभा होता तिचे मूल्य वाटाघाटीच्या टेबलावर कधी ठेवले गेले नाही.

याचा अर्थ वाजवी मूल्य हा रामबाण उपाय आहे असा नव्हे. बाजारात रोजचा भाव असेल तेथे मोजणी सोपी. भाव नसेल तेथे अंदाज येतो, आणि अंदाजात स्वार्थ शिरतो. दाभोळमुळे आपल्याला परिचित झालेल्या एन्रॉनला १९९२ मध्ये अमेरिकेत दीर्घ मुदतीच्या करारांचा भावी नफा आजच्या अंदाजाने वहीत धरण्याची मुभा मिळाली. तिचा परिणाम असा की, हातात न आलेला पैसा नफा म्हणून मिरविला गेला. २ डिसेंबर २००१ रोजी त्या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

देण्यांच्या बाबतीत तर हा तर्क विपरीत टोकाला जातो. कंपनीची पत घसरली की तिच्या रोख्यांचा बाजारभाव पडतो, आणि देणे कमी झाले असे समजून तो फरक नफ्यात धरला जाई. २००८ च्या अरिष्टात मोठमोठ्या बँकांनी असा नफा दाखविला. पुढे मानकच बदलून तो नफा-तोटा पत्रकाबाहेर काढावा लागला. कामगाराच्या थकलेल्या पगाराला हा तर्क लावू देता कामा नये. कारखाना आजारी पडला म्हणून त्याचे शंभर रुपये सत्तर होत नाहीत. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे चौदा दिवसांत उसाचे पैसे न दिल्यास वार्षिक १५ टक्के व्याज देय होते. तुमच्या कारखान्याच्या ताळेबंदात हे व्याज देणे म्हणून दाखविले आहे काय, हे पुढच्या सर्वसाधारण सभेत विचारा.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. विक्री वा भाडेपट्ट्यापूर्वी दोन स्वतंत्र मूल्यांकने व्हावीत, आणि ती मराठीत, गृहीतकांसह सभासदांपुढे ठेवली जावीत. राखीव किमतीखाली विक्री करावयाची तर सर्वसाधारण सभेची संमती घ्यावी. खरेदीदाराचे बँकेशी वा संचालकांशी असलेले संबंध उघड करावेत. उसाची थकबाकी आणि कामगारांची देणी व्याजासह, पूर्ण रकमेने आधी मांडावीत. विक्रीनंतर खरेदीदाराने वहीत लिहिलेले मूल्य प्रसिद्ध व्हावे, म्हणजे फरक सर्वांना दिसेल.

साथींनो, मोर्चा काढणे आपल्याला येते. त्याबरोबर ताळेबंद वाचणेही आपले काम आहे. प्रत्येक कारखाना क्षेत्रात चार कार्यकर्त्यांनी वार्षिक अहवाल मिळवावा, जमीन कोणत्या वर्षीच्या किमतीने लिहिली आहे ते पाहावे, आणि आजूबाजूच्या खरेदीखतांशी ती ताडून पाहावी. त्यासाठी पदवी लागत नाही. बांधावर उभ्या पिकाचा अंदाज घेणाऱ्या शेतकऱ्याला कारखान्याचा अंदाज घेता येणार नाही, हे मी मानीत नाही.