चार भिंती : एका कैफियतीचे स्मारक
(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



सातारा शहराच्या माथ्यावर, अजिंक्यताऱ्याच्या उतारावर, ‘चार भिंती’ या नावाने ओळखली जाणारी जी वास्तू उभी आहे, तिच्याकडे सायंकाळी फिरावयास जाणारे पुष्कळ असतात आणि तेथून खालचे शहर न्याहाळीत बसणारेही पुष्कळ असतात. परंतु ज्या जागी आपण बसलो ती १८५७ च्या स्वातंत्र्यसमरातील वीरांच्या स्मृतीस वाहिलेली आहे, याची आठवण त्यांतील थोड्यांनाच राहत असावी. या विस्मृतीबद्दल कोणास दोष देण्यासाठी मी आज येथे उभा नाही. ही वास्तू नेमके कशाचे स्मरण करून देते, आणि त्या स्मरणात सांगलीकडच्या मुलखाचा हिस्सा किती, एवढाच प्रश्न मला आपणांपुढे ठेवावयाचा आहे.

मुक्तिसंग्रामाची स्मारके गिरिशिखरांवर उभारण्याची प्रथा जगात सर्वत्र आढळते. बल्गेरियात शिपका खिंडीवरच्या शिखरावर १९३४ साली खुला झालेला पाषाणाचा बुरूज १८७७-७८ च्या तुर्कांविरुद्धच्या युद्धाची साक्ष देतो, आणि ते यथोचितही आहे, कारण तेथील रक्त त्या शिखराच्याच अंगावर सांडले. आपल्याकडची गोष्ट वेगळी. साताऱ्याचा किल्ला १८१८ च्या फेब्रुवारीतच इंग्रजांच्या हवाली झाला होता. त्यानंतरचा आपला झगडा गडांवर झालाच नाही. तो झाला दरबारात, लंडनच्या कचेऱ्यांत, शहरालगतच्या माळावर आणि पुढे मामलेदारांच्या दारात. म्हणून चार भिंतींची उंची ही रणभूमीची उंची नाही. ती केवळ पाहण्याची जागा आहे, आणि मुळात ती बांधली गेली तीही पाहण्यासाठीच.

छत्रपती प्रतापसिंहमहाराजांनी १८३० च्या सुमारास दसऱ्याचा मिरवणूक-सोहळा वरून दिसावा या हेतूने ही वास्तू बांधविली. हा राजा केवळ सोहळ्यांत रमणारा नव्हता. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने त्याच्या पदरी जे मर्यादित राज्य पडले, त्याचा कारभार १८२२ साली प्रत्यक्ष हाती येताच त्याने रस्ते, शाळा, छापखाना यांकडे लक्ष पुरविले आणि स्वतःची रोजनिशी ठेवली. राज्य म्हणजे वैभव नसून जबाबदारीने चालविण्याचे काम आहे, हे त्याने जाणले होते. आणि तसे जाणणारा राजा कंपनी सरकारला फार काळ मानवणारा नव्हता. गोव्याच्या पोर्तुगीजांशी आणि नागपूरच्या पदच्युत भोसल्यांशी संधान बांधल्याचे व देशी पलटणीतील अंमलदारांना फितविल्याचे आरोप त्याच्यावर ठेवण्यात आले. गव्हर्नर कारनॅक जातीने साताऱ्यास आला. आरोप कबूल करून सही करा म्हणजे गादी राहील, असे त्याने सांगितले. महाराजांनी न केलेल्या गुन्ह्याची कबुली देण्याचे नाकारले, आणि सप्टेंबर १८३९ मध्ये ते पदच्युत होऊन काशीस रवाना झाले. तेथेच १८४७ साली त्यांचा अंत झाला. आणि पुढच्याच वर्षी, त्यांचे बंधू शहाजीराजे निवर्तल्यावर, दत्तकाचा हक्क अमान्य करून डलहौसीने हे राज्य खालसा केले.

या धन्याची फिर्याद घेऊन जो गृहस्थ विलायतेस गेला, त्याचे नाव रंगो बापूजी गुप्ते. परकी हवामान, तुटपुंजा पैसा आणि दाद न देणारे कंपनीचे डायरेक्टर यांच्याशी तोंड देत त्याने लंडनमध्ये सुमारे चौदा वर्षे काढली. अर्ज केले, कागद छापून वाटले, पार्लमेंटातील सभासदांचे उंबरठे झिजविले. जो तहनामा तुम्ही स्वतः लिहून दिलात, तो तुम्हीच का मोडता, हा त्याचा प्रश्न होता. या प्रश्नाचे उत्तर न मिळताच १८५३ साली तो स्वदेशी परतला. आणि ज्याने इतकी वर्षे कायद्याच्या दारात उभे राहून काढली, तोच चार वर्षांनी उठावाच्या मसलतीत अग्रभागी दिसतो. सत्तावन्नचा साताऱ्यातील कट हा कोणा धर्मवेड्याचा आततायीपणा होता असे म्हणणाऱ्यांनी हा क्रम ध्यानात घ्यावा. न्यायाची प्रत्येक पायरी चढून झाल्यावर आणि प्रत्येक पायरीवरून परत लोटला गेल्यावरच या मनुष्याने शस्त्राचा विचार केला.

मसलत फुटली. रंगो बापूजी निसटला तो कायमचाच. त्याच्या पकडीसाठी लावलेले बक्षीस कोणाच्याही हाती पडले नाही. पण ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना देहान्त शासन देण्यात आले : पाच जणांना फाशी, सहा जणांना गोळ्या, सहा जण तोफेच्या तोंडी. त्यांत रंगो बापूजीचा पुत्र सीताराम होता. या समराची शताब्दी आली त्या सुमारास चार भिंतींना हुतात्मा-स्मारकाचे रूप मिळाले. ज्या राजाच्या कैफियतीतून हे सर्व उद्भवले, त्यानेच बांधलेल्या वास्तूवर त्या कैफियतीपायी मेलेल्यांची स्मृती वसावी, हा योग असा औचित्यपूर्ण आहे की तो कोणी योजून जुळविला असता तरी याहून उत्तम जुळला नसता.

परंतु येथेच एक उणीव राहून जाते. चार भिंतींवरून शहर दिसते. दक्षिणेकडचा मुलूख मात्र किल्ल्याच्या डोंगराआड जातो, आणि ती कैफियत पुढे चालविणारी माणसे बहुतांशी त्याच बाजूची आहेत. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. त्यापूर्वी वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके साताऱ्याचेच होते. १९४२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात कराड, पाटण, तासगाव, वडूज, इस्लामपूर येथे जे मोर्चे निघाले, ते सारे कोठे गेले? मामलेदार कचेरीवर. तासगावास ३ सप्टेंबरला कचेरीवर तिरंगा चढला आणि खुद्द मामलेदारांना गांधी टोपी घालावी लागली. ९ सप्टेंबरला वडूजमध्ये परशुराम घार्गे आणि त्यांचे सहकारी गोळीबारात पडले. दुसऱ्या दिवशी इस्लामपुरात पंड्या आणि बारपटे यांनी प्राण दिले. निःशस्त्र शेतकऱ्यांनी ठाणे किंवा खजिना सोडून कचेरीकडेच मोर्चा वळवावा, यातच त्यांची मागणी स्पष्ट होते. आमचा कारभार आमच्या हाती द्या, असे ते म्हणत होते.

आणि तो कोणी देईना, तेव्हा त्यांनी तो स्वतःच करून दाखविला. १९४३ पासून सुमारे तीन वर्षे येथे जे प्रतिसरकार चालले, त्याचे अध्वर्यू क्रांतिसिंह नाना पाटील हे मूळचे येडेमच्छिंद्रचे आणि एके काळचे तलाठी. गावचे दप्तर कसे चालते हे ते जाणून होते. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी गाडी अडविणारे कुंडलचे जी. डी. बापू लाड आणि प्रतिसरकारच्या तुफान सेनेचे वीर यांच्या पराक्रमाच्या कथा आपण आवडीने ऐकतो, आणि ऐकाव्यातही. परंतु माझ्या मते त्या चळवळीचा खरा विशेष न्यायदान मंडळे हा होय. शेतीच्या बांधाचे तंटे, सावकाराची गहाणखते, नांदविण्याच्या तक्रारी यांचा निवाडा गावातल्या गावात, वकिलाविना होऊ लागला. दारूबंदी झाली, लग्ने अल्प खर्चात लागली. पायांच्या तळव्यांवर मार देण्यासारख्या त्यांच्या शिक्षा कठोर होत्या, आणि त्यांविषयी आज मतभेद होणे स्वाभाविक आहे; पण लंडनमध्ये चौदा वर्षे मागून जो न्याय मिळाला नाही, तो येथे लोकांनी चावडीवर बसून एकमेकांना दिला, ही गोष्ट त्या मतभेदाने पुसली जात नाही.

प्रतापसिंहाची सही नाकारणारी लेखणी, रंगो बापूजीचे अर्ज, गेंडामाळावरचे सतरा जण, कचेऱ्यांवरचे मोर्चे आणि न्यायदान मंडळांचे निवाडे ही एकाच दाव्याची क्रमाने पुढे सरकलेली पाने आहेत. म्हणून माझी सूचना साधी आहे. चार भिंतींपाशी एक दिशाफलक असावा. खाली दिसणाऱ्या जागांची नावे त्यावर असावीतच. पण डोंगराआड असल्यामुळे न दिसणारी वडूज, तासगाव, इस्लामपूर, कुंडल, शेणोली ही गावेही आपापल्या दिशेस आणि त्या त्या सालासह त्यावर कोरावीत. हे काम दोन्ही जिल्ह्यांच्या लोकांनी मिळून करावे. जिल्ह्याच्या हद्दी कारभाराच्या सोयीसाठी पडतात. कारभाराचा हक्क ज्यांनी मिळविला त्यांची वाटणी त्या हद्दींनी होऊ देऊ नये. आणि जी पिढी तो फलक वाचील, तिने गावच्या चावडीत, पालिकेत, कचेरीत चाललेल्या कारभाराचा जाब निर्भयपणे विचारावा. कारण हा दावा ज्यांनी लढविला, त्यांनी तो आपणांस जाब विचारता यावा म्हणूनच लढविला होता.