यंत्राला सांगावे लागते, आपण कुठे उभे आहोत

(शाळेच्या हीरक महोत्सवात दुर्बीण-अर्पण समारंभाच्या वेळी मुख्याध्यापिकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



माजी विद्यार्थ्यांनी शाळेला दिलेली संगणक-नियंत्रित दुर्बीण आज आपण समारंभपूर्वक स्वीकारत आहोत. देणगीदारांचे आभार अध्यक्ष महोदय मानतीलच. हे यंत्र चालते कसे, ते मांडायचे कसे आणि त्याच्या येण्याने आपल्या सर्वांवर कोणते काम येऊन पडले आहे, याविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा मी घेते.

ही भेट जाहीर झाली तेव्हा दोन शंका माझ्यापर्यंत पोहोचल्या. एका पालकांनी विचारले, ‘‘बटण दाबताच यंत्र स्वतःच तारा शोधणार असेल, तर मुले शिकणार काय?’’ दुसऱ्या एका पालकांची शंका अशी, की यंत्राची सारी भाषा इंग्रजी आहे, तेव्हा मराठी माध्यमाच्या मुलांना ते झेपेल का? दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत. दुसऱ्या प्रश्नामागची काळजी तर प्रवेशाच्या दिवसांत मी दरवर्षी ऐकते. महाराष्ट्राबाहेर, उज्जैनसारख्या नगरीत, मुलाला मराठी शाळेत घालताना आईवडिलांच्या मनात ती असणारच.

प्रथम यंत्राकडे वळू. आपली दुर्बीण १३० मिलिमीटर व्यासाच्या आरशाची आहे. तिचे केंद्रांतर ६५० मिलिमीटर. १० मिलिमीटरची नेत्रिका लावली, की वस्तू ६५ पट मोठी दिसते. पण दृश्य जेवढे मोठे होते तेवढेच आकाशही भराभर सरकू लागते. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे तारे तासाला सुमारे १५ अंश, म्हणजे चार मिनिटांत एक अंश सरकतात. ६५ पट वर्धनात आकाशाचा जेमतेम पाऊण अंशाचा तुकडा दिसतो. विषुववृत्तालगतचा तारा तो तीन मिनिटांत ओलांडतो. चाळीस मुलांची रांग असेल, तर तिसऱ्या-चौथ्या मुलापर्यंत तारा निघून गेलेला असतो. दुर्बीण ज्यावर बसते त्या बैठकीचे, म्हणजे माउंटचे, महत्त्व येथे कळते. तिच्यातील दोन मोटारी दुर्बिणीला ताऱ्यामागोमाग हळूहळू फिरवत राहतात आणि रांगेतल्या शेवटच्या मुलालाही तोच तारा दिसतो.

बैठका मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. पहिलीत दुर्बीण आडवी आणि उभी अशा दोन दिशांनी फिरते. दिगंश आणि उन्नतांश ही तिची मापे. दुसरीत एक अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखलेला असतो, म्हणून त्या एकाच अक्षाभोवती संथपणे फिरून ताऱ्याचा पाठलाग करता येतो. आपली बैठक पहिल्या प्रकारची आहे. दोन्ही अक्षांवर क्षणोक्षणी किती फिरायचे, याचे गणित तिच्यातला संगणक करतो.

या दोन्ही कल्पना या गावाला नव्या नाहीत. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा आणि वाराणसी येथे वेधशाळा उभारल्या. आपल्या क्षिप्राकाठच्या वेधशाळेतील दिगंश यंत्र म्हणजे पहिल्या बैठकीचे तत्त्व, चुन्या-विटांत बांधलेले. सम्राट यंत्राची तिरपी भिंत मात्र ध्रुवाकडे रोखलेली आहे, कारण तिचा चढ उज्जैनच्या अक्षांशाइतका, सुमारे २३ अंशांचा आहे. मोटारी नाहीत एवढेच. तत्त्व दुसऱ्या बैठकीचेच. माधवराव शिंदे यांच्या काळात, १९२३ मध्ये, या वेधशाळेचा जीर्णोद्धार झाला. पुढे गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारख्या मराठी गणितज्ञाने तिचे अधीक्षकपद सांभाळले. सहावीची सहल आपण तेथे नेतोच. यापुढे ती सहल म्हणजे दुर्बीण शिकण्याचा पहिला पाठ असेल.

आता मांडणीविषयी. तिपाई कठीण, सपाट जमिनीवर ठेवावी. गच्चीवर मुले चालली की फरशी थरथरते आणि तारा नाचू लागतो, म्हणून आम्ही मैदानाच्या कोपऱ्यातील फरसबंद जागा निवडली आहे. पाणसळ लावून बैठक समतल करावी. मुख्य दुर्बिणीला जोडलेली लहान शोधक दुर्बीण दिवसाउजेडी जुळवून घ्यावी. दूरच्या पाण्याच्या टाकीचे टोक दोन्हींत मध्यभागी आले, की काम झाले. हे करताना सूर्याच्या दिशेला जाऊ नये. सूर्यासाठीची खास गाळणी दुर्बिणीच्या तोंडावर पक्की बसवल्याशिवाय सूर्याकडे रोखलेल्या दुर्बिणीतून क्षणभर पाहणेही डोळा कायमचा गमावण्यासारखे आहे. शोधक दुर्बिणीलाही हाच नियम लागू. यंत्राला हा धोका समजेल, असे गृहीत धरू नये. म्हणून दिवसा मोठ्या माणसाच्या उपस्थितीशिवाय दुर्बिणीचे झाकण निघणार नाही, हा शाळेचा नियम राहील.

वीजपुरवठ्यासाठी आम्ही १२ व्होल्टची बॅटरी घेतली आहे. छोटे सेल लवकर उतरतात, आणि वीज अपुरी पडली की यंत्र भलतीकडे वळू लागते.

त्यानंतर हँडसेट हाती घ्यायचा. त्याच्या स्मृतीत हजारो खगोलीय वस्तूंची स्थाने साठवलेली आहेत. पण चालू केल्याबरोबर तो आपल्यालाच प्रश्न विचारू लागतो. तुम्ही पृथ्वीवर कुठे आहात? आजची तारीख कोणती? किती वाजले? प्रमाणवेळ कोणती? आकाशाचा सारा नकाशा पोटात असूनही, आपण त्या नकाशाखाली नेमके कुठे उभे आहोत, हे त्याला ठाऊक नसते. आपण भरायचे ते अक्षांश २३ अंश ११ मिनिटे उत्तर, रेखांश ७५ अंश ४६ मिनिटे पूर्व, प्रमाणवेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. प्राचीन भारतीय ज्योतिर्गणितात मध्यरेषा उज्जयिनीतून जात असे आणि इतर गावांची अंतरे येथून मोजली जात. आज आपल्याला आपला रेखांश यंत्राला सांगावा लागतो, हे मुलांना सांगितले की भूगोलाचा तास आपोआप रंगतो. आपल्या गावी सूर्याची स्थानिक वेळ घड्याळापेक्षा सरासरी २७ मिनिटे मागे असते, हे गणितही नववीची मुले रेखांशांच्या फरकावरून करतात. यंत्राला मात्र घड्याळाचीच वेळ द्यायची.

शेवटी यंत्र दोन ताऱ्यांची नावे पुढे करते. ते अंदाजाने त्या दिशेला वळते, आणि तारा नेत्रिकेच्या बरोबर मध्यभागी आणण्याचे काम आपल्यावर सोपवते. हे दोन तारे आकाशात परस्परांपासून पुरेसे दूर असावेत. अगदी डोक्यावरचे किंवा क्षितिजालगतचे तारे टाळावेत. मध्यभागी आणताना शेवटची हालचाल नेहमी एकाच दिशेने करावी, कारण दातेरी चाकांत थोडी सैल जागा असते आणि उलटसुलट फिरवल्यास तेवढी चूक शिल्लक राहते. दोन तारे नीट जुळले, की उरलेले सारे आकाश यंत्राला गवसते. मात्र यंत्र स्वतः तारा ओळखत नाही. शेजारचा भलताच तारा मध्यभागी आणून तुम्ही ‘हाच तो’ असे सांगितले, तर ते निमूटपणे मानते आणि नंतर रात्रभर चुकत राहते.

गेल्या ५ डिसेंबरला संध्याकाळी साडेसातच्या सुमारास आम्ही चाचणी घेतली. दहावीच्या एका विद्यार्थ्याने माहिती भरली आणि यंत्राने पहिला तारा सुचवला, स्पायका. दुसरा, आर्कटरस. आम्ही भिंतीवर नक्षत्रांचा तक्ता लावला आहे. त्यात हँडसेटवरची नावे देवनागरीत लिहून शेजारी आपली नावे दिली आहेत. ॲल्डेबरन म्हणजे रोहिणी, रेग्युलस म्हणजे मघा, अँटारेस म्हणजे ज्येष्ठा, कनोपस म्हणजे अगस्त्य, सिरियस म्हणजे व्याध. स्पायका म्हणजे चित्रा आणि आर्कटरस म्हणजे स्वाती. तक्ता पाहून आठवीतली एक मुलगी म्हणाली, ‘‘बाई, चित्रा आत्ता कशी दिसेल? मार्गशीर्षात ती पहाटे उगवते. संध्याकाळी चित्रा-स्वाती उन्हाळ्याच्या सुट्टीत दिसतात.’’ थोडा वेळ विचार करून तिनेच पुढे सांगितले, ‘‘याला मे महिना वाटतोय.’’

तिचे म्हणणे बरोबर निघाले. हँडसेट अमेरिकी पद्धतीने आधी महिना आणि मग दिवस घेतो. आपल्या सवयीप्रमाणे ५ आणि १२ हे आकडे भरले गेले होते. यंत्राने ते १२ मे असे वाचले. तारीख सुधारल्यावर आम्ही ईशान्येचा ब्रह्महृदय आणि पश्चिमेचा श्रवण हे तारे घेतले. मग देवयानी दीर्घिका मागितली. मोटारी घरघरल्या, नळी वर उचलली गेली, आणि नेत्रिकेत एक लांबट, धूसर, पांढुरका ठिपका आला. सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश त्या रात्री आमच्या मैदानात उतरत होता.

पालकांच्या दोन्ही शंकांचे उत्तर मला त्या संध्याकाळी मिळाले. यंत्र तारा शोधून देते, हे खरे; परंतु ते चुकले आहे हे ओळखायला आकाश माहीत असलेले माणूस लागते. त्या मुलीने पुस्तिका वाचली नव्हती. कोणत्या महिन्यात कोणते नक्षत्र संध्याकाळी दिसते, हे तिला ठाऊक होते. ते तिला आजीच्या तोंडून आणि शाळेच्या परिपाठातून, मराठीत ठाऊक होते. इंग्रजी नावे तिने तक्त्यावरून पंधरा मिनिटांत जुळवून घेतली. नाव नव्या भाषेत शिकायला अवघड नसते. त्या नावामागची वस्तू आधी आपल्या भाषेत ओळखीची असावी लागते. आपल्या मुलांनी इंग्रजी उत्तम शिकावे यासाठी शाळा झटतेच आहे. परंतु ज्या भाषेत मूल प्रश्न विचारायला बिचकत नाही, त्या भाषेत विज्ञान शिकल्याने ते मागे पडते, हे मला मान्य नाही. ‘बाई, हे कसे शक्य आहे?’ असे त्या मुलीने मोकळेपणाने विचारले, म्हणून आमची ती रात्र वाया गेली नाही.

एक गोष्ट पालकांनी मुलांना आधीच सांगून ठेवावी. छायाचित्रांत दिसणारे रंग नेत्रिकेत दिसणार नाहीत. मंद प्रकाशात आपल्या डोळ्याला रंग जवळजवळ कळत नाहीत, म्हणून मृगातला तेजोमेघ करड्या धुक्यासारखाच दिसतो. हँडसेटच्या यादीतील बहुतेक वस्तू शहराच्या उजेडात आपल्या दुर्बिणीला दिसणारही नाहीत. पण चंद्रावरची विवरे, शनीची कडी आणि गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिलेले गुरूचे चार चंद्र आपल्या मैदानातून स्पष्ट दिसतात. गुरूचे चंद्र सलग चार रात्री वहीत काढले, की ते जागा बदलतात हे मूल स्वतः शोधते. ते कोणत्याही पडद्यावर पाहिल्याने साधत नाही.

शेवटी एक विनंती. अनेक शाळांत अशी यंत्रे मोठ्या हौसेने येतात, जडसंग्रहाच्या नोंदवहीत त्यांना क्रमांक मिळतो, आणि पुढे ती कुलूपबंद कपाटात राहतात. आकाश रात्री दिसते आणि शाळा दुपारी सुटते, हे त्याचे साधे कारण आहे. म्हणून ऑक्टोबर ते मार्च, अमावास्येच्या जवळच्या शनिवारी आपण निरीक्षण ठेवणार आहोत. हिवाळ्यात सातपर्यंत पुरेसा अंधार पडतो. साडेआठला कार्यक्रम संपेल. मुलींना पाठवायला पालक कचरतात, याची मला जाणीव आहे. त्यांनी मुलीसोबत स्वतः यावे, रांगेत उभे राहावे आणि आपणही पाहावे. गावातील माजी विद्यार्थ्यांना माझे मागणे एवढेच, की वर्षातील एक संध्याकाळ द्या. तिपाई उचलायला, बॅटरी आणायला आणि मुलांना घरी सोडायला माणसे हवीत. मैदानालगतच्या घरांनी त्या दीड तासापुरते अंगणातले दिवे मालवले, तर तीही मोठी देणगी ठरेल.

यंत्र कसे मांडायचे, हे आठवी-नववीच्या बारा मुलामुलींनी शिकून घेतले आहे. दर वर्षी त्यांनी पुढच्या बारा जणांना शिकवायचे, असे ठरले आहे. सभा संपल्यावर तीच मुले मैदानात दुर्बीण मांडतील. अक्षांश, रेखांश आणि तारीख त्यांना विचारून पाहा. सर्वांनी अवश्य थांबावे.