मी वाचलेली ‘बनगरवाडी’



व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी १९५५ साली प्रसिद्ध झाली. एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत येतो. मुले मेंढरांमागे रानात असतात. तो शाळा भरवतो, वाडीचा होतो. शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडी ओस पडते.

आम्ही मॉरिशसची मुले घरी क्रिओल बोलतो. मला पानोपानी शब्द अडत. कंटाळून मी पुस्तक मिटले. मग आजीला विचारत विचारत वाचू लागलो. शेवट ऐकून ती म्हणाली, “आपली माणसंही अशीच घर सोडून बोटीत बसली असतील.”

पूर्वज महाराष्ट्रातून आले, हे मी पाठ केले होते. त्या दिवशी ते समजले.

मित्रांनो, शब्द अडला तर पुस्तक मिटू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा.